जकात

सेमाडोहला मोतीलाल कास्देकरने
सायकलच्या ब्रेकची वायर कापून
माझ्या क्लचला जोडली,
आणि तोंडातली विडी न काढता म्हणाला,
मुंबईपर्यंत जाईल.

मुंबईपर्यंतच गेली.
आनंदनगरच्या बंद जकात नाक्यासमोर
लिव्हर एकदम हलका पडला हातात,
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा.
रात्रीचा दीड. खिशात एकशे ब्याण्णव रुपये.
शब्दाला जागणारा माणूस, मोतीलाल.

बॉक्सर तिसऱ्या हाताची, साडेनऊ हजारांची.
दोन्हीकडे तेलाचे रिकामे डबे बांधलेले,
एकात तांदूळ, एकात पाने आणि प्लग;
पेट्रोलचा वास तांदळाला लागला
तो बत्तीस दिवस लागलेलाच.
भामरागडच्या अलीकडे चेन तुटली तेव्हा
एकोणीस किलोमीटर ढकलत नेली,
सोबतीला एक कुत्रं, कुणाचं कोण जाणे.
पुलापाशी ते थांबलं.
त्याची हद्द तिथवर.

तंबू फ्लेक्सचा. आमच्या वॉर्डातल्या कुणा साहेबांच्या
वाढदिवसाचा, नाक्यावरून उतरवलेला.
छापील बाजू आत घेऊन शिवला,
त्यामुळे रोज रात्री साहेब हात जोडून
माझ्यावर हसत असायचे, एका डोळ्यावर ठिगळ.
रानडुकरं बाहेरची पांढरी बाजू हुंगून गेली.
त्यांना काय कळणार.

काँक्रीटमध्ये खुंटी शिरेना,
म्हणून दोऱ्या वजनकाट्याच्या कठड्याला बांधल्या.
मागे खारफुटीत कोल्हा ओरडला
आणि मी सवयीने डब्याचं झाकण घट्ट केलं.

अण्णा इथेच होते, सत्तावीस वर्षं, तिसऱ्या खिडकीत.
कुठून? काय माल? किती नग?
या तीन प्रश्नांवर आमचं घर चाललं,
माझी फी, आईचा चष्मा, गच्चीची गळती.
स्वतः नेरळच्या पलीकडे गेले नाहीत.
जेवताना मात्र गावांची नावं घ्यायचे, बऱ्हाणपूर, गोंदिया,
जशी कुणी लांबच्या नातेवाइकांची घेतं.

मी फोन नव्हता केला.
म्हणजे, एक रिंग दिली होती.

पावणेतीनला स्कूटर आली.
पायजम्यावर स्वेटर, डिकीत क्लच वायर,
गेल्या आठवड्यातच घेऊन ठेवलेली, म्हणाले.
ओरडले नाहीत. माझ्याकडे धड पाहिलंही नाही.
टॉर्च लावून मागच्या चाकाशी उकिडवे बसले,
मडगार्डखालची माती नखाने खरवडली,
बोटांत चुरली.

ही काळी, जळगावकडची. केळीच्या गाड्यांना असायची.
ही चमकते ना, बालाघाट.
हात तीन दिवस काळे राहायचे आमचे.
मग आत, अगदी रिमला चिकटलेली,
तांबडी, वाळून पापडी झालेली.
ही?
टॉर्च जवळ नेला. चष्मा कपाळावर.
ही माझ्या खिडकीत कधी आली नाही.

पर्लकोटेच्या काठची, मी म्हणाले.
पर्लकोटा, ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले.
वायरच्या बिलाच्या कागदात चिमूटभर घेतली,
चार घड्या घातल्या, वरच्या खिशात पेनाशेजारी ठेवली.
अण्णा, जकात बंद झाली.
माहितीये, ते म्हणाले.

मग चपला बाहेर जोडीने ठेवून
वाकून तंबूत शिरले, जरा पाठ टेकतो म्हणून.
आतून आवाज आला,
हा इथेपण?
आणि थोड्या वेळाने घोरणं.

ट्रक जात होते, एकही न थांबता.
मी वायरचं पुडकं फोडलं.
बजाजचीच होती,
पण स्कूटरची.
दुकानं दहाला उघडतात.