विरजण

सैकच्या पठारावर, दोन हजार मीटरांवर,
माघात बादलीतल्या पाण्याला काचेचा पापुद्रा येतो.
मस्कतमधल्या मराठी मंडळींनाही हे पटत नाही,
आईला तर मुळीच नाही. ती फोनवर विचारते,
वाळू फार आहे का गं तिकडे?

वाळू नाही, दगड आहेत.
दगडांच्या सांध्यात चिमूटभर माती
आणि त्या चिमटीवर उभं एक म्हातारं झाड.
इथले लोक त्याला अलअलान म्हणतात.
खोड पिळून टाकलेल्या चादरीसारखं,
एक बाजू कधीच मेलेली,
दुसरीवर निळसर काळी फळं.

माझं काम त्याच्या पायाशी.
केसाएवढी मुळं आणते, पोटॅशमध्ये उकळते,
मग व्हिनेगर, मग पेनातली निळी शाई,
चौथीत बोटांना लागायची तीच.
मग काचपट्टीवर दिसतं ते:
मुळाच्या पेशीत शिरून फांद्या फुटलेलं,
झाडाच्या आतलं झुडूप.

आमच्या भाषेत त्याला नाव एकच, बुरशी,
आणि तेही तोंड वाकडं करून घ्यायचं.
लोणच्याला आली, भिंतीला आली,
टाकून दे, हात धू.
पगार तिचाच घेते मी.
घरी सांगितलंय, मातीची तपासणी.

रोपवाटिकेत अलअलानची चाळीस रोपं होती.
माती निवडलेली, भट्टीत भाजलेली,
जंतू नावाला नाही. पाणी मापून, सावली जाळीची.
रोपं बोटभर वाढायची, थांबायची,
टोकापासून तांबूस होत जायची.
नोआखालीचा मोफज्जल रोज सकाळी मोजायचा
आणि मला न सांगता पाटीवर लिहायचा:
एकतीस.
सव्वीस.
एकोणीस.

खल्फान बिन सुलैम फलजचं पाणी
डाळिंबांकडे वळवायला जाताना डोकवायचा.
एकदा त्याने कुंडीतली माती चिमटीत घेतली,
हुंगली, काहीतरी बोलला.
रायाने जरा मऊ करून सांगितलं,
माती दमलीय म्हणतात.
पण ‘मयत’ मला भाषांतराशिवाय कळतं.

दुसऱ्या दिवशी डोक्याचं फडकं सोडून
गाठोडं करून आणलं त्याने:
म्हाताऱ्या झाडाखालची माती, वाळला पाला,
बकरीच्या लेंड्या, एक मेलेला भुंगा.
बिस्मिल्ला म्हणत प्रत्येक कुंडीत एक मूठ.

मी अडवायला हवं होतं.
प्रयोग होता, वर्षभराचे पैसे होते त्यात.
पण मला एकदम वाटी आठवली,
तिन्हीसांजेला शेजारच्या दुर्गाकाकूंकडे नेलेली:
चमचाभर विरजण द्याल का, आमचं संपलं.
त्यांनी ते घोलपांकडून आणलेलं असायचं,
घोलपांनी आणखी कुणाकडून.
मूळ दही कोणाचं, कुणी विचारत नसे.

राया, विरजणाला काय म्हणतात तुमच्यात?
तिने खूप आठवून पाहिलं.
आजी म्हणायची काहीतरी.
आम्ही डबाच आणतो.

प्रमाणाच्या रकान्यात मी ‘मूठ’ लिहिलं.
संगणकाला चालेना.
मग खल्फानला पुन्हा बोलावून
त्याची मूठ तराजूवर ठेवली: चौऱ्याऐंशी ग्रॅम.
तो म्हणाला, भावाची मोठी आहे.

सात आठवडे पाटीवर एकोणीसच.
रोपं वाढली म्हणावं असं काही नाही,
फक्त तांबूस होणं थांबलं होतं.
कशाने, ते मूळ पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं,
आणि मूळ पाहायचं तर रोप उपटायला हवं.
मोफज्जलने स्वतः निवडून दिलं एक,
कडेचं, जरा वाकडं.

शाई. व्हिनेगर. वाट पाहणं.
मग निळा धागा, मुळाच्या आतबाहेर
सुई घालावी तसा गेलेला,
आणि एका पेशीत, जेमतेम, झुडपाची सुरुवात.

मोफज्जलला बोलावलं.
एक डोळा मिटून तो बराच वेळ वाकून राहिला.
काय दिसलं ते बोलला नाही.
बाहेर जाऊन बाहीने पाटी पुसली
आणि लिहिलं, अठरा.