ढेकी

गुरुवारी जंगल बंद. गेटवर पाटी.
जिप्सीत कोरियाची बाई, किम ह्ये-जिन,
मांडीवर दुर्बीण, डब्यात उकडलेली अंडी.
म्हटलं, चला, माझं गाव दाखवतो.
आणि मागे जाऊन गुपचूप एक फोन लावला.

पुस्तकलाबाई उइकेंच्या सपरीत ढेकी आहे.
सकाळपर्यंत तिच्यावर सरपण होतं,
फुटकी बादली, नातवाची सायकल.
आम्ही पोचलो तर अंगण सारवलेलं, अजून ओलं,
आणि पुस्तकलाबाई ठेवणीतल्या लुगड्यात
अशा उभ्या, जशा रोज याच वेळी
धान कांडतात.

ह्ये-जिन थबकली.
पायांनी झिजून गुळगुळीत झालेल्या जागी
तिनं तळवा टेकवला.
मग मोबाइलशी बोलली. मोबाइल मराठीत म्हणाला:
आमच्याकडेही हे आहे.
शहराबाहेर जुने गाव बांधले आहे. तिकीट आहे.
माणसे जुने कपडे घालून कांडतात.
पाच वाजता गाव बंद होते.

फोटोत तणसाची छपरं,
ओळीनं मातीचे रांजण, दोन बाया,
लाकूड हेच, पायाची उचल हीच.
पुस्तकलाबाईंनी मोबाइल लांब धरून पाहिला.
"मंग तो तांदूर कोन खाते?"

ह्ये-जिन बराच वेळ गप्प.
माहीत नाही, म्हणाला मोबाइल,
मी कधी विचारले नाही.

मी कोपऱ्यात पाहत होतो.
घाईघाईत सरकवलेली बादली,
तिच्यात सायकलची निखळलेली घंटी.

तिनं बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले.
पहिला घाव रिकामा. दुसरा वाकडा.
पुस्तकलाबाई खळग्याशी बसल्या,
मुसळ वर गेलं की हात आत,
खाली यायच्या आत हात बाहेर.
माझाच श्वास अडकत होता.
"हं," म्हणे ही.
"हं," म्हणे ती.
एवढ्यावर पायली झाली.

सुपात पाखडून पुस्तकलाबाई हसल्या,
"कनी झाली व समदी."
हे काही मोबाइलला जमलं नाही.

कण्यांचा भात, अंबाडीची भाजी.
तिच्या दाताखाली खडा आला.
थुंकली नाही. बोटानं काढला,
उजेडात धरून पाहिला
आणि खिशात टाकला.

शनिवारी त्याच वाटेनं गेलो.
ढेकीवर परत सरपण, परत सायकल.
खळगा तेवढा मोकळा ठेवलेला,
त्यात मान घालून एक कोंबडी
काहीतरी शोधत होती.