उजवीकडून बाहेर, डावीकडून आत

मे महिन्याची तेवीस तारीख. केगावच्या लॅबमध्ये
संगणकाचा पंखा असा ओरडतो
की शेजारचे रसायनवाले दार लावून घेतात.
बाहेर चव्वेचाळीस.
आत, पडद्यावर, सिलिकॉनची एक तार,
जाडी पाच नॅनोमीटर,
मधोमध तीनशे दहा केल्विन, दोन्ही टोकांना दोनशे नव्वद,
आणि अकरा हजार अणू
जागच्या जागी थरथरणारे.

मला एवढंच मोजायचंय :
इथून तिथवर जायला
उष्णता किती कुरकुर करते.

सेकंदाचे तुकडे करायचे, एकावर पंधरा शून्यं इतके,
आणि एकेक तुकडा पुढे सरकायचं.
काल रात्रभरात वीस लाख पावलं झाली,
म्हणजे दोन नॅनोसेकंद.
मग पहाटे चारला वीज गेली.

हिप्परगी मॅडम म्हणाल्या, काठ खडबडीत कर,
गुळगुळीत तारेतून ऊब सरळ निघून जाते.
मी कडेचे अणू वेडेवाकडे खुडले.
आलेख खाली बसला.
लहरी भिंतीला आपटून माघारी यायला लागल्या.

दुपारी नायना डबा घेऊन आले.
माग आठवडाभर बंद, सुताचा भाव चढलेला,
खांद्यावर आमच्याच मागावरचा,
काठ चुकल्यामुळे न विकलेला टॉवेल.
पडद्याकडे बघून म्हणाले,
"यात ताणा कुठला, बाणा कुठला?"
तसं नसतं नायना, एकेका अणूला चार हात.
"चार हात," ते म्हणाले, "आणि सगळे कामाला?"

उजव्या कडेचा एक अणू
थरथरता थरथरता चौकटीबाहेर गेला
आणि त्याच क्षणी डावीकडून आत आला.
पुन्हा गेला. पुन्हा आला.
"गेलेला परत कसा येतो गं?"

तार अगदी छोटी आहे ना,
म्हणून आम्ही तिला सांगतो, तू संपतच नाहीस.
"म्हणजे खोटं."
हो. पण हिशेब बरोबर येतो.

बराच वेळ ते काठाकडेच बघत राहिले.
श्रीहरी भिवंडीला गेला त्याला आता तीन वर्षं होतील.
पूर्व भागातल्या आमच्या गल्लीला
दोन्ही काठ पक्के आहेत.

अडीचला संगणक तापून मंदावला.
पावलं रखडली. उष्णतेचा हिशेब उष्णतेनंच अडवला,
यावर हसायचीही ताकद नव्हती.
नायना उठले, नळावर टॉवेल भिजवला,
खिडकीच्या गजांना बांधला, विणकराची गाठ,
एका हातानं.
वाऱ्याला जरा ओल आली.
पंख्याचा आवाज अर्ध्या पट्टीनं उतरला.

डबा उघडला. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी.
जेवताना त्यांनी फक्त एकदा विचारलं,
"काठ खडबडीत केलास, तर ऊब आतच राहते?"
राहत नाही, म्हटलं,
निघायला उशीर होतो.

संध्याकाळी आकडा आला, दोन पूर्णांक एक.
वहीत लिहिला, तारीख घातली.
टॉवेल वाळून कडक झाला होता,
त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची
ते कळेना.