रात्री दोन दहा

वर, हिमनदीच्या कपाळावर भर दुपार असते
तेव्हा खाली वोझदऱ्यात नदी निमूट,
गुडघाभर. पोरं दगडांवरून पलीकडे जातात.
दुपारचं ऊन पायी निघतं.
आधी बर्फात मुरतं, एकेक कण ओला करतं,
कुठल्याशा भेगेत तासभर बसून राहतं,
मग दगडगोट्यांखालून वाट काढत
गावात पोचतं तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले.

हे मला खोरोगच्या कचेरीत संगणक सांगतो.
माझ्या मॉडेलमध्ये डोंगर म्हणजे सहा पट्टे,
दर पट्ट्याला एक तापमान, एक उरलेला बर्फ
आणि सगळ्यांना मिळून एकच आकडा:
शून्यावरच्या दर अंशाला
दिवसाकाठी किती मिलिमीटर पाणी सुटेल.
साडेचार धरला. मग पाच.
मग, कुणी पाहत नाही असं बघून, पाच पॉइंट दोन.
ताळा जमेना.

ताळा ज्यांच्याशी लावायचा त्या किम्मतशोच्या वह्या.
एकतीस वर्षं, सकाळी आठ, रात्री आठ,
पुलाखालच्या पट्टीवर पाणी कुठवर आलं.
निळी शाई; लढाईच्या हिवाळ्यांत पेन्सिल;
एका जूनमध्ये चक्क तुतीचा रस.
एकही दिवस गाळलेला नाही
आणि एकही पूर नाही.
पूल तीनदा वाहून गेला. वहीत नदी शहाणीच.
मी समासात लिहिलं: नोंदी संशयास्पद.

जुलैत गेले तेव्हा तो जाऊन चार महिने झाले होते.
नेकबख्तनं मिठाचा चहा पुढे ठेवला.
म्हणाली, कागद आला होता, आठला वाचा म्हणून.
दोनला वाचा असं कुणी लिहिलं नव्हतं.

रात्री मी छतातल्या झरोक्याखाली आडवी झाले.
आधी काहीच नाही. मग फळीवर
चिनी मातीचा एक वाडगा किणकिणला, बारीक,
झोपेत कुणी दात खावेत तसा.
ती डोळे न उघडता म्हणाली, दगड चालू लागले.
तळातले धोंडे, त्यांच्याखालची जमीन,
जमिनीत रोवलेला खांब, खांबाला ठोकलेली फळी:
नदी घरात येते ती अशी, ओली न होता.
मी घड्याळ पाहिलं. दोन दहा.

पहिला वाजला तर झोपायचं, ती म्हणाली.
दुसरा वाजला तर गाय सोडायची.
तिसरा वाजला की पूल जातो.

तिसरा कधी कधी वाजला?
थोरला रशियाला गेला त्या उन्हाळ्यात.
गायीला जुळं झालं तेव्हा.
आणि एकदा, ती म्हणाली, आणि पुढे बोलली नाही.
मी तिसऱ्याचं साल विचारलं नाही.

कचेरीत आलेखावर दोन पोकळ वर्तुळं काढली.
तिसऱ्याला अजून तारीख नाही.
माझी रेघ दोन्हींच्या बरीच खालून जाते.
साधन या रकान्यात 'वाडगे' लिहिलं,
तर साहेबांनी खोडलं, मी पुन्हा लिहिलं.
समासातली ती ओळ मात्र शाईची आहे,
जात नाही.

यंदा बर्फ लवकर निघाला.
काल नेकबख्तचा फोन आला, गाय सोडली म्हणाली.
अजून मे आहे.
मी विचारलं, किती वाजता?
साडेअकरा, ती म्हणाली,
ऊन या खेपेला वाटेत कुठे बसलंच नाही.