कोरोना, मॉडेल अठ्ठ्याहत्तर

घाफच्या झाडाखाली उभी होती,
मागच्या सीटवर शेळी व्यालेली.
खल्फान म्हणाला, बाबांची आहे. ने. पैसे नकोत,
फक्त शेळीला आधी उतरू दे.

शेळी उतरायला अकरा दिवस लागले.
मग क्रेनवाल्याने वीस रियाल घेऊन
फलज अल कबाइलला, आमच्या क्वार्टरमागच्या
पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकली.
टाकली हाच शब्द.
चाकं नव्हती, उभी कशी करणार?

"इथे मी कपडे वाळत घालायचे," बायको म्हणाली.
पुढची पाच वर्षं कपडे बॉनेटवर वाळले.

दिवसा स्मेल्टरमधल्या क्रेनच्या मोटरी बघायचो,
तिथे एक मिनिट बंद म्हणजे सहा जणांचे फोन.
रात्री इथे एक नट.
एकच,
रॉकेल पाजून ठेवलेला,
उद्या हलेल, नाहीतर परवा.
मला ते बरं वाटायचं.

जून ते सप्टेंबर पाना हातात धरवत नाही.
साडेतीनला उठायचं, पहाटेची अजान होईपर्यंत
एखादा ब्रेक ड्रम, तोही अर्धा.
कार्बोरेटर लिंबाच्या रसात उकळला, घरच्या कुकरात.
तो कुकर नंतर शेडमध्येच राहिला.
शारजाच्या भंगारातून एकदा डिकीचं झाकण आणलं,
नाक्यावर शिपायाने विचारलं, डिकीत काय?
म्हटलं, डिकी.
तो हसला नाही. गाडी बाजूला घ्यायला लावली.

मग ते वर्ष आलं
आणि गाडीचं नाव सांगायची सोय राहिली नाही.
"पेशंट काय म्हणते?" सुकुमारन फोनवर विचारायचा.
त्याने आठही व्हॉल्व्ह घासून दिले होते,
प्रत्येकाला कागद गुंडाळून, वर पेन्सिलीने आकडा.
मे महिन्यात तो गेला.
ऑगस्टमध्ये मी ते बसवले.
सहाचा आकडा आठसारखा काढायचा तो,
विचारायला कोणी नव्हतं.
दोनदा खोललं.

मागच्या डाव्या दाराचं पॅनल काढलं तेव्हा
आत निघाली पसाभर वाळू, खजुराच्या दोन बिया
आणि शिवणकामाचं एक पितळी अंगुस्तान.
वाळू झाडून टाकली.
अंगुस्तान उरलेल्या स्क्रूंच्या बरणीत.
दारात नवं फेल्ट चिकटवलं, कडेने रबर,
लावून पाहिलं: ठप्प.
बँकेच्या तिजोरीसारखं.
त्या आवाजासाठी मी ते दार
दिवसातून चारदा उघडायचो.

सुरू झाली ती एका मंगळवारी, सातच्या सुमारास.
बायकोने चटणीचा मिक्सर बंद केला,
ऐकलं,
पुन्हा चालू केला.

पहिली फेरी खल्फानच्या आईला, हे ठरलेलंच होतं.
मौझाबाई मागे डावीकडे बसल्या, विचारावं लागलं नाही.
सोहारच्या समुद्राकाठाने नेलं, मासळीबाजारापर्यंत,
परत आणलं. वळणांवर हळू.
त्या सबंध वेळ दाराकडे कान देऊन.
उतरताना मुलाला काही बोलल्या.
खल्फान चपलेकडे बघत म्हणाला,
"आई म्हणते, छान आहे.
पण ही ती नव्हे. ती वाजायची."

बुरैमीच्या वाटेवर टोपी भरत होत्या,
अंगुस्तान काचेच्या फटीतून आत पडलं.
नवरा म्हणाला, राहू दे,
दार उघडलं तर परत बसायचं नाही.
मग प्रत्येक वळणावर ते आतल्या आत इकडून तिकडे,
आणि तो पुढून, आरशात न बघता,
"तुझं अंगुस्तान," म्हणायचा. दर वेळी.
बुरैमीला वळणं पुष्कळ.

रात्री पॅनल पुन्हा काढलं.
बरणी वर्तमानपत्रावर उपडी केली.
फेल्ट ओरबाडून काढताना नखात गोंद गेला, तो आठवडाभर होता.
अंगुस्तान आत सोडलं, दार हलवून पाहिलं.

वाजलं.
पण वाळू मी फेकून दिली होती,
म्हणून असेल,
जरा उघडंच वाजलं.