ऑईल

डबी अर्ध्याच्या खाली गेली होती.
नायना म्हणाले, ब्रेकचं ऑईल टाक.
जिन्याखालचा कॅन काढला,
त्यावर लिहिलेलं, ऑईल.
एवढंच झालं.

एवढंच नाही खरं तर.
झाकणावर बारीक उठावाची अक्षरं होती,
त्यांवरची धूळ मी अंगठ्यानं पुसली
आणि वाचलं नाही.

चार दिवस गाडी चालली.
पाचव्या दिवशी शांती चौकात
आठशेनं स्वतःलाच धरून ठेवलं.
पुढच्या चाकांतून करपल्याचा वास,
मागं सुताचे गठ्ठे लादलेला छोटा हत्ती हॉर्न देतोय,
वर एप्रिल.
नायनांनी पेडलवरून पाय काढून दाखवला मला,
बघ, मी दाबलेलंच नाही.

मैनुद्दीन नदाफनं डबी उघडली.
झाकणातलं रबर
भिजल्या पापडासारखं फुगून वाकडं झालेलं.
बोट बुडवलं, चिमटीत चोळलं, हुंगलं.
"काय ओतलाव यात?"
सांगितलं.
हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
"सगळे ऑईल म्हणतेत, तितंच घोळ होतंय.
ते तेलच नाही, मॅडम.
तेलाचं आन् त्याचं जन्माचं वैर."

मी म्हटलं, धुऊन टाकू की.
"पाईप धुतो. रबर पिऊन बसलंय.
पिलेलं कसं धुणार?"

मग चारी चाकं उतरली.
कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं हिशेब मांडला,
मास्टर सिलिंडरचं किट, चाकांतले कप, होज,
आणि एक काहीतरी
ज्याचं नाव मी दोनदा विचारलं, तरी कळलं नाही.
चार हजार आठशे.
पाव लिटर तेलाचे.
युनिफॉर्मच्या कारखान्यात मी दिवसभर
दुसऱ्यांची बिलं तपासते.

नायना टायरवर बसले होते, लिंबाच्या सावलीत.
बोलत नव्हते.
मग एकदम, माझ्याकडं न बघता,
सत्त्याऐंशी सालचं रंगखातं सुरू झालं.
हिरव्याच्या पिंपात लाल ओतलेला,
रात्रपाळीला, दिवा गेलेला असताना.
मालकानं ते सगळं सूत
पगारातून कापून यांच्याच गळ्यात घातलं.
"मग?"
"मग काय. विणलं."

मला आठवले टॉवेल.
दहावीपर्यंत आमच्या दोरीवर
ना तपकिरी ना राखाडी,
गढूळ पाण्याच्या रंगाचे.
मला वाटायचं टॉवेलचा रंगच तो.

ऊन उतरल्यावर हवा काढायची वेळ आली.
पोरगा सैदू इफ्तारचं सामान आणायला गेलेला.
"मॅडम, तुम्हीच बसा.
सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही.
सोडलाव, की हवा परत आत."

सगळ्यात लांबचं चाक आधी.
गाडीखालून आवाज, मार.
मार. मार. आता धर.
तो निपल उघडतो
आणि माझ्या पायाखालचं पेडल बुडत जातं,
विहिरीत पायरी असेल म्हणून पाय टाकावा
आणि पायरी नसावी, तसं.
धर.
धरलंय.
धर अजून.
पाण्याच्या बाटलीत नळीतून आधी काळं आलं,
मग बुडबुडे,
मग काळं आणि पिवळं एकमेकांत न मिसळता.
पोटरीत गोळा आला.
सोड.

तिसऱ्या चाकाला कधीतरी
पेडलनं पायाला उलट जोर दिला.
कुणीतरी पलीकडून हात धरावा तितकाच.
नदाफ गाडीखालून म्हणाला, हां.

येताना नायनांनी
प्रत्येक गतिरोधकाच्या फार आधी ब्रेक दाबला,
आणि जिथं गतिरोधक नव्हते तिथंही.

घरी उरलेला कॅन उचलून
त्यांनी खडूनं त्यावर काहीतरी लिहिलं,
मोठ्या गोल अक्षरात, तेलुगूत.
मला बोलता येतं. वाचता येत नाही.
त्यांना हे माहीत आहे.

"काय लिहिलंय, नायना?"
खडू झटकत म्हणाले,
"हे असं. विचारायचं."