संदर्भ क्रमांक

वहीत पहिला क्रमांक आहे जूनच्या चार तारखेचा.
फोनवरची मुलगी गोड बोलली,
'आई, तक्रार नोंदली हं,'
आणि नऊ आकडे सांगितले.
मी ते समासात लिहिले,
जिथे एरवी शाळेच्या गणवेशांची मापं असतात:
छाती अठ्ठावीस, बाही सतरा,
अंधार चार जूनपासून.

ट्रान्सफॉर्मर फुटला तेव्हा कुत्री भुंकली, पोरं धावली,
मग गल्ली गप्प झाली
ती गप्पच.
पंप विजेवर चालतो, म्हणून नळालाही वाचा नाही.
पूर्व केपचा हिवाळा; डोंगरावरून येणारा वारा
पाहुण्यासारखा येत नाही, हाडात बिऱ्हाड करतो.
मी माळ्यावरून हाताने फिरवायची मशीन काढली.
तिला तेल पाजलं. ती कुरकुरली, पण चालली.

शेजारी हेन्ड्रिकची एकशेवीस अंडी उबवणी-पेटीत होती.
त्याने पेटीला घोंगडी गुंडाळली,
गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या,
दोन रात्री लेकरासारखी तिच्याशेजारी झोप काढली.
पाचव्या दिवशी परसात खड्डा खणला.
मला म्हणाला, थोझामा, वास येण्याआधी केलेलं बरं.

सतरा तारखेला परत फोन लावला.
'आई, तुमची तक्रार बंद झाली आहे. काम पूर्ण.'
कुणी केलं पूर्ण?
'सिस्टीममध्ये तसं दिसतंय.'
मग मी सिस्टीममध्येच राहायला येते, म्हटलं,
तिथे उजेड आहे ना?
ती हसली नाही.
नवे नऊ आकडे दिले. शेवटी सात.

आज एकवीस. आमच्याकडची वर्षातली सगळ्यात मोठी रात्र.
सकाळी टॅक्सीला बावीस रँड मोजून
नगरपालिकेत गेले.
सभागृहाचं दार उघडं होतं, भर दुपारी सगळे दिवे चालू,
आत खुर्च्याच खुर्च्या,
आणि एक माणूस टेबल पुसत होता, तेही कोरड्या फडक्याने.

खिडकीत अकोना नावाची पोर.
अर्ज पुढे सरकवला. रकाना तिसरा:
किती तास पुरवठा बंद?
आणि त्यापुढे दोनच चौकटी.
सतरा गुणिले चोवीस, मी बोटांवर केलं,
चारशे आठ.
'नव्याण्णव लिहा,' ती म्हणाली, 'त्याच्या पुढे जात नाही.'
मी नव्याण्णव लिहिलं
आणि उरलेले तीनशे नऊ
बाहेर, कागदाच्या काठावर, उभे.

शिक्का उचलताना ती थांबली.
मागे बघितलं. मग शिक्क्यापेक्षा हळू आवाजात:
आमच्या वस्तीत तेवीस दिवस झाले.
मग तू का नाही लिहिलंस?
'इथली माणसं इथे तक्रार करत नाहीत, आई.
बरं दिसत नाही.'
तिचे ओठ फुटले होते. नखांत राख होती, चुलीची.
मी दुसरा अर्ज मागितला.
तिचा पत्ता, माझं नाव.

आठ माझा, नऊ तिचा.

टॅक्सीत वही उघडली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.
सतरा तारखेला सात,
आज, चार दिवसांनी, आठ.
मधे कुणीच नाही?
एवढं गाव, एवढे नळ, एवढ्या बायका बादल्या घेऊन ओढ्यावर,
आणि चार दिवसांत एकही आकडा नाही?

घरी आल्यावर चहा ठेवला नाही.
मापाची टेप गळ्यात होती तशीच राहिली.
वही घेतली, पहिलं दार हेन्ड्रिकचं ठोठावलं.
कधीपासून, ते सगळ्यांचं लिहून घेतेय, म्हटलं.
तो बराच वेळ चौकटीला टेकून उभा राहिला.
'अंडी लिहिशील?'
कुठल्या रकान्यात लिहू?
त्याने खांदे उडवले.
मी बाहीच्या खाली लिहिलं,
एकशेवीस,
आणि पुढच्या फाटकाकडे वळले.